लामणदिव्याचा सांधा

१

देवघरातला दिवा विझला आणि घरभर केस जळाल्याचा वास सुटला.

भोरात केशवमास्तरांच्या घरी त्या शुक्रवारी आधी कळलं ते एवढंच. साल एकोणीसशे अडतीस, मार्गशीर्षातली थंडी, दिवेलागणीची वेळ. भाताच्या गिरणीचं इंजिन धडधडू लागलं की गावातल्या दहा-पंधरा घरांत वीज यायची आणि नऊ वाजता इंजिन थांबलं की जायची. दिवसा तारांत काही नसायचं. मास्तरांच्या देवघरात हा दिवा लागून आठ दिवस झाले होते, आणि आठही दिवस तो बिनतक्रार जळला होता.

मालिनी, मास्तरांची बायको, मागच्या पडवीत बाजूला बसलेली होती. तिचा तिसरा दिवस होता. घोंगडी वेगळी, तांब्या वेगळा, कुणाला शिवायचं नाही. तिनं आधी धप्पकन आवाज ऐकला, मग पितळेचा खणखणाट. ती धावत देवघरापर्यंत आली आणि उंबरठ्याशी थांबली.

आत केशव पडला होता. संध्येला हातपाय धुऊन आलेला, अंगावर ओलसर पंचा. हातात लामणदिव्याची साखळी, दिवा तारेसकट खाली आलेला. मालिनीचा एक पाय उचललेला होता. पण तिला विटाळ होता आणि समोर देव होते. पाय उचललेलाच राहिला.

मग दीर आला, सासूबाई आल्या, शेजारी आले, डॉक्टर आले. डॉक्टर म्हणाले, विजेचा धक्का. सगळे आत गेले. ती तेवढी उंबरठ्याबाहेर उभी होती.

तिला रडू आलं नाही. पुढचे कित्येक दिवस आलं नाही, आणि लोक म्हणाले, बाई दगड झाली. खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार मानसिंगराव आले. ओटीवर दिराची, आनंदची, जबानी घेतली, देवघरात डोकावून तार पाहिली आणि निघाले. बायकांना कुणी काही विचारलं नाही, विचारायची रीत नव्हती. दुपारी कळलं की वायरमन कुंडलिकला कोठडीत घातलं. त्यानं सांधा कच्चा ठेवला म्हणून मास्तर गेले.

मालिनीनं ते ऐकलं आणि तिच्या बधिर डोक्यात एकच प्रश्न आला. नवऱ्याचे केस तिनं पाहिले होते, शेंडीसुद्धा जशीच्या तशी होती. मग जळलं ते काय?

२

माणूस गेलं की घरी रीघ लागते, आणि जो तो आपल्या घरच्या मरणाची गोष्ट सांगून जातो. मालिनी कोपऱ्यात बसून ऐकायची. तिच्याकडून कुणाची बोलण्याची अपेक्षा नव्हती. ती ऐकतेय हेसुद्धा कुणाच्या लक्षात यायचं नाही.

चौथ्या दिवशी मागच्या दारी एक बाई आली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, पाठीला झोळीत चार महिन्यांची पोर. कुंडलिकची बायको रतनबाई, हिर्डोशीहून पहाटे निघून चालत आलेली.

"म्या आत येत न्हाई बाई," ती म्हणाली. "हितंच हुबी ऱ्हाते. तुमचं कुकू पुसलं, तुमच्याम्होरं तोंड काढायची लाज वाटती. पर बोलायचं कुनाशी?"

"बोला," मालिनी म्हणाली.

"फौजदार म्हंत्यात, सांध्याला पट्टीच न्हवती. उघडी तार सोडली म्हनं. बाई, माजा धनी मुंबैला सहा वरसं ह्योच धंदा शिकला. जेवताना भाकरी इसरंल, पर पट्टी इसरायचा न्हाई. फुडल्या बिस्तरवारी मुनसफापुढं उभा करनार हायती. सक्तमजुरी लागली तर आमी काय करावं? येवडं लेकरू घिऊन कुठं जावं?"

मालिनीला दिवा बसवला तो दिवस आठवला. देवघरात वीज घ्यायला सासूबाई तयार नव्हत्या. देवाला तेलाचाच दिवा, त्यांचं म्हणणं. पण केशवचे डोळे अधू, पोथी वाचताना नाक पानाला टेकायचं. शेवटी तडजोड झाली. सासूबाईंच्या माहेरचा पितळी लामणदिवा तसाच साखळीला टांगायचा आणि त्याच्या वाटीखाली बल्ब बसवायचा. दिवा माणसाच्या खांद्याइतका खाली, म्हणजे केशवला तो हातानं पोथीकडे वळवून घेता यावा.

तार हातभर कमी पडली. नवी पुण्याहून आणायची म्हणजे आठवडा गेला असता, म्हणून कुंडलिकनं तुकडा जोडला. दोन तारा, दोन सांधे, एक वर आणि दुसरा चार बोटं खाली, म्हणजे एकमेकांना लागू नयेत. मालिनी चहा घेऊन दाराशी उभी होती. पीळ देऊन, कथलाचा डाग देऊन त्यानं दोन्ही सांध्यांवर काळी चिकट पट्टी गुंडाळली. वर दोऱ्याची गाठ मारली, भाताच्या पेंढीला मारतात तशी. केशव शाळेत शास्त्र शिकवायचा, त्याला कुठं गप्प बसवतंय. तो बायकोला सांगत होता, "तांबं, पितळ, चांदी, सोनं, कुठल्याही धातूतून वीज जाते बघ. काच, रबर, रेशीम, यांतून नाही जात." पलीकडे स्वयंपाकघरात सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"पट्टी होती," मालिनी रतनबाईला म्हणाली. "मी पाहिली."

"मग सांगा की फौजदारास्नी."

मालिनीनं आनंदकरवी निरोप धाडला. संध्याकाळी उत्तर आलं. फौजदार म्हणाले होते, दुःखात बायामाणसांना काहीही आठवतं, त्यांना विश्रांती घेऊ द्या.

म्हणजे झालं. नुसतं 'पाहिली' म्हणून भागणार नव्हतं. पट्टी होती, तर ती गेली कुठं आणि कुणी काढली, हे सांगावं लागणार होतं. त्या गुरुवारला दहा दिवस होते, आणि मालिनीला घराबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती.

३

जिथं केशवला शेवटचं निजवलं होतं तिथं, माजघरात, तेलाचा दिवा अखंड तेवत होता. दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो. राखणीला मालिनीच बसायची. पाचव्या दिवशी दुपारी घर जरा निवांत होतं. तिनं वातीचा सुटलेला धागा ज्योतीवर धरला. कापूस जळाला, चिंधी जळाल्याचा वास आला. मग तिनं जुन्या रेशमी खणाचा एक धागा ओढून धरला. तो आक्रसला, त्याची काळी गुठळी झाली, आणि नाकाशी तोच वास आला. केस जळाल्याचा.

दिवा केशवसाठी तेवत होता आणि ती त्याच्यावर धागे जाळत होती. याचं काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तर देवघरात त्या संध्याकाळी रेशीम जळालं होतं. केशवच्या अंगावर सुती पंचा होता. मग रेशीम आलं कुठून?

ती आठवू लागली. शुक्रवारी दुपारी ती पडवीत होती. देवघराची मागची भिंत पडवीला लागून. जेवणं झाल्यावर तिनं आतून पाट सरकवल्याचा आवाज ऐकला होता. पाटावर कुणीतरी उभं राहिल्यासारखा कुरकुर आवाज. तेव्हा केशव शाळेत होता. सासूबाई रोज त्या वेळी लवंडतात. घरात उरला कोण? आनंद.

आनंद पुण्याला कॉलेजात शिकत होता आणि त्याच आठवड्यात घरी आला होता. शिक्षण सोडून चळवळीत जायचं त्याच्या डोक्यात होतं, आणि त्यावरून दोघा भावांत गुरुवारी चांगलीच जुंपली होती. "तू माझा भाऊच नव्हेस," असं केशव म्हणाला होता. घरात दोनच वारस, त्यातला एक गेला. गावातही कुजबुज सुरू झाली होती. गावाला काय, तोंडाला टाळं थोडंच आहे.

संध्याकाळी आनंद पाणी प्यायला आत आला तेव्हा मालिनीनं विचारलं, "भाऊजी, शुक्रवारी दुपारी तुम्ही देवघरात गेला होता?"

आनंदनं तांब्या खाली ठेवला. "मी? नाही वहिनी. मी माडीवर झोपलो होतो." मग तो खाली बसला. "तुम्हालाही तसंच वाटतं का?"

"मला काही वाटत नाही. मी विचारतेय."

"दादाशी भांडलो ते खरं. पण दिव्याला मी हात लावला नाही. फक्त सकाळी जरा गंमत केली, एवढंच."

"कसली गंमत?"

"आईची. कुंडलिक देवघरात शिरला म्हणून तिनं त्याच दिवशी सगळं गोमूत्रानं धुतलं होतं ना. मी म्हटलं, जमीन धुतलीस, पण त्या काळ्या पट्टीचं काय? तिला चिकटपणा यावा म्हणून गाईची चरबी लावतात. देवाच्या डोक्यावर चरबी टांगलीस म्हटलं. मनचंच बोललो, वहिनी. तिला चिडवायला." त्यानं ओशाळून वर पाहिलं. "दादा हसला होता. आमचा अबोला त्यावरच सुटला."

तो उठून गेला. आपण काय सांगितलं हे त्याला कळलं नव्हतं. मालिनीला कळलं, आणि आपल्याला कळू नये असं तिला फार वाटलं.

४

दहाव्या दिवशी न्हावी आला. कुणी बोलावलं होतं कोण जाणे, भाऊबंदांत अशी कामं उरकणारं कुणी ना कुणी असतंच. मालिनी मागच्या पडवीत बसून राहिली. केस गेले काय नि राहिले काय, तिला तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

सासूबाई, बाळाबाई, दारात आडव्या उभ्या राहिल्या. अंगावर लाल आलवण, बोडक्या डोक्यावरून घट्ट ओढलेलं. "परत जा," त्या न्हाव्याला म्हणाल्या. "या घरात एकदा झालं तेवढं पुरे."

भाऊबंद कुरकुरले. बाळाबाईंनी ऐकून घेतलं नाही. आत येऊन त्यांनी सुनेच्या अंगावरची घोंगडी नीट केली आणि निघून गेल्या. सोवळ्याओवळ्याला तलवारीच्या धारेसारखी बाई, पण सुनेवर तिनं धार कधी धरली नव्हती.

त्याच दुपारी भांडी घासणारी ठकुबाई विहिरीपाशी बसली होती. सुतकात घरी चूल पेटत नव्हती, म्हणून साठलेली भांडी ती आता काढत होती. एक चिमटा हातात घेऊन ती पुटपुटत होती.

"काय झालं ठकुबाई?"

"काय न्हाई वं, ह्यो चिमटा बगा की. काळा चीक बसलाय दातांस्नी. राखंनं न्हाई निगत, चिंचंनं न्हाई निगत. डांबर हाय का काय. आन् दोऱ्याचं कातरण बी अडकलंय."

"कधीचा आहे हा?"

"मास्तर गेलं त्या दिसाचा. म्हाताऱ्या बाईंनी दुपारच्याला पान्याजवळ टाकला. मला म्हनल्या, घासून दोनदा धू. त्यास्नी घाई व्हती, पुन्यांदा आंघूळ करायची व्हती."

मालिनीनं चिमटा हातात घेतला. काळ्या चिकात दोऱ्याचा तुकडा होता, आणि त्याला पेंढीची गाठ तशीच होती.

आंघोळ तिनंही ऐकली होती. पाटाच्या आवाजानंतर न्हाणीत घागरभर पाणी ओतल्याचा आवाज. सकाळी एकदा आंघोळ झालेली बाई मार्गशीर्षाच्या गारठ्यात दुपारी पुन्हा नहाते, ती एकाच कारणानं. ज्याला शिवू नये त्याला शिवल्यावर.

"द्या इकडं, घासती," ठकुबाई म्हणाली.

"राहू दे," मालिनी म्हणाली. "याला मी बघते."

५

अकराव्या दिवशी शुद्धी झाली आणि देवघर उघडलं. क्रियेला आनंदला सोवळं हवं होतं. केशवचं सोवळं त्याच्याबरोबर गेलं, म्हणून सासऱ्यांचा पीतांबर काढायचं ठरलं. ट्रंकेतून तो मालिनीनंच काढला. पिवळं जुनं रेशीम, खऱ्या जरीचा बोटभर काठ. एका टोकाला दोन विती काठ कापलेला होता. कापल्याजागी धागे ताजे, पांढरेफटक. आनंदला तो तिनं दुमडून, कापलेलं टोक आत घालून दिला.

मग ती देवघर सारवायला गेली. लामणदिवा कोपऱ्यात तसाच पडला होता. दोन्ही सांधे उघडे, काळवंडलेले. तिनं वाटी उजेडात धरली. तळाशी काळी भुकटी होती, आणि भुकटीत मोहरीपेक्षाही बारीक असे तीन-चार चकचकीत मणी. वितळलेली जर. शेजारी जळायचा राहिलेला जरीचा नखाएवढा तुकडा.

आता काहीच उरलं नव्हतं. चरबीची पट्टी देवाच्या डोक्यावर नको, म्हणून ती चिमट्यानं सोलून काढली. दुपारी तारेत वीज नसते, म्हणून काढणाऱ्याला काही झालं नाही. तार उघडी ठेवायची नाही एवढं कळत होतं, म्हणून वर सोवळ्यातलं रेशीम गुंडाळलं, आपल्या नवऱ्याच्या पीतांबराचं, घरात त्याहून पवित्र काही नव्हतं. रेशमातून वीज जात नाही. पण जर म्हणजे धातू. तिचं टोक साखळीला लागलं आणि संध्याकाळी इंजिन सुरू झाल्यावर अख्खा पितळी दिवा विजेचा झाला. केशवनं तो रोजच्यासारखा ओल्या हातानं पोथीकडे वळवला. पडताना तारा एकमेकींना लागल्या, ठिणगी उडाली, रेशीम जळालं, दिवा विझला.

मालिनीनं मणी पदराच्या गाठीत बांधले. बाहेर बाळाबाई तुळशीपाशी बसल्या होत्या. दोन वेळा जेवत नव्हत्या, एकाच वेळी चार घास. त्या जरीनं काय केलं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. कुंडलिकनं सांधा कच्चा ठेवला, हे त्यांना सांगण्यात आलं होतं आणि त्या तेच धरून बसल्या होत्या.

गप्प राहावं तर कुंडलिक तुरुंगात. बोलावं तर या बाईला सांगावं लागणार की मुलाला तुम्हीच मारलंत. मालिनी दोन दिवस या दोन्हींकडे पाहत राहिली. दुःख व्हायला हवं तिथं तिला नुसती थंडी वाजत होती. मात्र तेराव्याच्या सकाळी ती उठली तेव्हा काय करायचं ते ठरलं होतं.

६

तेराव्याला पानं उठल्यावर मानसिंगराव आले. उद्या मुनसफापुढं जायचं, म्हणून आनंदची कागदावर सही घ्यायची होती. ओटीवर चारपाच भाऊबंद सुपारी कातरत होते. बाळाबाई दाराआड.

मालिनी दारातून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. सुपारी कातरणं थांबलं.

"कुंडलिकला सोडा," ती म्हणाली. "त्यानं पट्टी लावली होती. ती मी काढली."

मानसिंगरावांनी टाक खाली ठेवला. "बाई, आत जाऊन बसा. तुमची तब्येत..."

"तब्येत बरी आहे. हा चिमटा बघा. पट्टीचा चीक आहे, कुंडलिकच्या दोऱ्याची गाठ आहे. त्याच्याकडून तशीच एक बांधून घ्या, जुळेल. पट्टीला चरबी लावतात असं मी ऐकलं, म्हणून शुक्रवारी दुपारी चिमट्यानं सोलली. मामंजींच्या पीतांबराचा काठ कापून सांध्यांना गुंडाळला. पीतांबर आत आहे, माप घ्या. रेशमातून वीज जात नाही, पण जरीतून जाते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. जर साखळीला लागली." तिनं पदराची गाठ सोडून मणी कागदावर ठेवले. "ही ती जर. केस जळाल्याचा वास सगळ्यांना आला होता, तो रेशमाचा. माझी चूक आहे. माझं नाव लिहा."

सगळं खरं होतं, एका नावाखेरीज. आपला बेत पक्का आहे असं तिला वाटत होतं. पुरुषांना काही शंका यायचं कारण नव्हतं, आणि आनंद डोकं धरून बसला होता.

मानसिंगराव मण्यांकडे पाहत राहिले. तेवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, पण असा कबुलीजबाब त्यांनी ऐकला नव्हता. त्यांनी टाक उचलला.

"थांबा, मानसिंगराव."

बाळाबाई दाराआडून बाहेर आल्या होत्या. आलवण नेहमीसारखं घट्ट. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"ती खोटं बोलतेय. शुक्रवारी ती बाजूला बसली होती. तिसरा दिवस होता तिचा. नवरा पडला तरी उंबरठा ओलांडून आत आली नाही, साऱ्या घरानं पाहिलंय. ती दुपारी देवघरात जाऊन दिव्याला शिवेल कशी?"

कुठल्याही कोर्टाला इतकी पक्की साक्ष मिळाली नसती.

"आई," मालिनी म्हणाली, "तुम्ही आत जा."

"आता कुठं आत जाऊ?" बाळाबाई जोत्यावर बसल्या. त्या फौजदारांशी बोलत होत्या, पण आवाज स्वतःशी बोलल्यासारखा होता. "मला कुणी विचारलंच नाही हो. सांधा कच्चा होता म्हणाले, मी म्हटलं असेल. पट्टी मी काढली. पण तार उघडी नव्हती ठेवली. केशवच म्हणाला होता, रेशमातून वीज जात नाही. मी तांदूळ निवडत होते, मी ऐकलं होतं. म्हणून तर रेशीम घेतलं. त्यानं सांगितलेलंच केलं मी."

त्यांनी मण्यांकडे बोट केलं. "धातूचंही सांगितलं होतं त्यानं. ते ऐकलं, पण जर म्हणजे धातू, हे नाही आलं डोक्यात. आयुष्यभर अंगाला लावली ती."

"आई, चरबीचं मी..." आनंद म्हणाला.

"तू चेष्टा केलीस," बाळाबाई म्हणाल्या. "घरात चेष्टा होणारच."

मानसिंगरावांनी कागद पुढं ओढला, पहिला मजकूर खोडला आणि खाली 'अपघात' एवढंच लिहिलं. कुणाची सही घेतली नाही. जाताना दाराशी थांबून त्यांनी बाळाबाईंना नमस्कार केला, तो त्यांना दिसला नाही.

ओटी रिकामी झाली. मालिनी सासूशेजारी बसली आणि तिनं त्यांचा हात धरला. गार, हाडकुळा हात. सोवळ्यातल्या बाईला न विचारता शिवण्याची तिची ही पहिली वेळ.

"तू उंबरठ्यावर थांबलीस," बाळाबाई म्हणाल्या, "तेव्हा मला वाटलं, किती शहाणी सून. विटाळ पाळते." त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला. "शिवायला हवं होतंस गं त्याला."

तेव्हा मालिनी रडली. तेरा दिवसांचं सगळं एकदम आलं, आणि बाळाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. स्वतः त्या रडल्या नाहीत.

७

शनिवारी दुपारी कुंडलिक आला. दाढी वाढलेली, खांद्याला हत्यारांची पिशवी. अंगणात उभा राहून म्हणाला, "तार काढून नेतो, बाई. पट्टीचं काय बी असू द्या, तार हातभर कमी पडली व्हती ती म्या जोडली. तितं सांदा नगं व्हता. येवडी चूक माजी हाय."

"काढू नको," बाळाबाई म्हणाल्या. "त्याला वाचता यावं म्हणून लावला होता. आता आनंद वाचेल. नीट करून दे."

या वेळी कुंडलिकनं सबंध तार आणली होती. सांधे वर, तुळईपाशी. तो शिडीवर चढला, पीळ दिले, डाग दिला. मग खाली हात केला. "जरा पट्टी देता का?"

काळी गुंडाळी पिशवीवर पडली होती. मालिनी वाकली, पण बाळाबाई आधी वाकल्या. चिमटा शेजारीच होता. त्यांनी तो घेतला नाही. गुंडाळी उघड्या हातानं उचलली आणि वर धरली.

"तुमाला चालंल का?" कुंडलिकनं बिचकत विचारलं.

"किती हवी?"

"दोन विती."

त्यांनी हातानं दोन विती मोजल्या आणि तोडून दिल्या. मग दुसऱ्या सांध्याला दोन. त्या शिडीखाली उभ्या राहून त्याचं गुंडाळणं आणि वरची गाठ शेवटपर्यंत पाहत होत्या.

दिवेलागणीला गिरणीचं इंजिन सुरू झालं आणि लामणदिवा लागला. घरातल्यांनी सवयीनं हात जोडले. बाळाबाईंच्या जोडलेल्या बोटांना काळा चीक लागलेला होता.

मालिनीनं न्हाणीत पाणी काढून ठेवलं होतं. "आई," ती म्हणाली, "ऊन पाणी काढलंय."

"राहू दे," बाळाबाई म्हणाल्या, आणि त्याच हातांनी त्यांनी आनंदपुढं पोथी सरकवली.

त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा आंघोळ केली नाही.